काटेकोर माणसाचं एक किलो

"मॅडम, जरा ह्या काट्यावर उभ्या राहता का?"

पार्सल ऑफिसात, ऐन गर्दीच्या वेळी, अकरा माणसांच्या रांगेसमोर, खणखणीत आवाजात एखाद्या बाईला असं विचारणारा माणूस एकतर वेडा असला पाहिजे, नाहीतर जिवावर उदार झालेला. हा दोन्ही नव्हता. हा वजनकाटे दुरुस्त करणारा होता. वर्षातून एकदा यायचं, ऑफिसातले सगळे काटे तपासायचे, खोटं बोलणाऱ्या काट्याला खरं बोलायला लावायचं आणि शिक्का मारून निघून जायचं, एवढंच त्याचं काम. नेहमीचे म्हातारे काटेवाले थकले म्हणून यंदा हा नवा आला होता. उंच, सडपातळ, खिशाला चार पेनं आणि चेहरा असा, की ह्याने आयुष्यात कधी कुणाची चेष्टा केली नसेल.

आणि ज्या मॅडमला त्याने हे विचारलं, ती तीन नंबरच्या खिडकीवरची छकुली.

छकुली का, तर जन्मली तेव्हा ती ओंजळीत मावेल एवढीशी होती. नाव तेव्हा पडलं आणि चिकटलं. पुढे ती एकतीस वर्षांची झाली, चांगली ऐसपैस झाली, पण नाव बिचारं होतं तिथेच राहिलं. दिवसभर ती साऱ्या दुनियेच्या पार्सलांचं वजन करायची, वर सुतळी बांधून अशी गाठ मारायची की पार्सल सात समुद्र पार गेलं तरी सुटायचं नाही. स्वतः मात्र गेले दहा महिने तिने कुठल्याच काट्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. आरशाशीसुद्धा तिचं बोलणं गळ्यापर्यंतच होतं.

रांगेतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. छकुलीच्या मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सर्रकन काटा आला.

"काय... काय म्हणालात?"

"काट्यावर. दोनच मिनिटं." त्याने कोपऱ्यातल्या पोती मोजायच्या मोठ्या काट्याकडे बोट दाखवलं. "माझ्याकडची वजनं कमी पडतायत. कोपऱ्यावर चांगला दणकट भार लागतो. तुम्ही समोर दिसलात, म्हणून म्हटलं..."

"दणकट भार?"

"आकडा नकोय मला!" आपलं काहीतरी चुकतंय, हे आता कुठे त्याच्या डोक्यात शिरत होतं. "चारही कोपऱ्यांवर काटा एकच बोलतो का, एवढंच—"

"अहो काटेवाले," छकुली खिडकीतून जवळजवळ बाहेर येत म्हणाली, "काटा काय बोलायचं ते बोलेल. पण तुम्ही आणखी एक शब्द बोललात ना, तर गाठ माझ्याशी आहे!"

शेजारच्या टेबलावरची शिक्केवाली मावशी उठली नसती, तर त्या दिवशी खरंच काहीतरी फुटलं असतं. मावशी म्हणजे ऑफिसातलं सगळ्यात जुनं माणूस. पार्सलांवर शिक्के मारून मारून तिचा उजवा हात लोखंडाचा झाला होता आणि जीभ मूळचीच तशी होती. "बाजूला व्हा रे," म्हणत ती धाडकन काट्यावर जाऊन उभी राहिली. "मला कसली आलीय लाज? घरात माझ्या शब्दाला वजन आहे ते ह्याच्यामुळेच!"

रांग मनापासून हसली. काटेवाला कानापर्यंत लाल झाला. त्याने मावशीला चारही कोपऱ्यांवर उभं केलं, वहीत काहीतरी टिपलं आणि सहीसाठी तीन नंबरच्या खिडकीशी आला. खाली मान घालून. आणि मान खाली होती म्हणूनच त्याला छकुलीचे हात दिसले. पातळ, पांढऱ्या, सुती हातमोज्यांतले.

त्याचा चेहरा एकदम उजळला. "अरे! तुम्हीपण?"

त्याने स्वतःचे हात वर केले. त्याच्याही हातांत तसेच पांढरे मोजे!

"कसोटीच्या वजनाला उघडा हात लावायचा नाही, हे मी सगळीकडे घसा कोरडा करून सांगतो," तो भडाभडा बोलायला लागला. "घाम लागतो, डाग धरतो, वजन बिघडतं. कुणाला पटत नाही हो! तुम्हाला कोणी शिकवलं?"

छकुली बघतच राहिली. गेल्या दोन वर्षांत त्या मोज्यांवरून तिला लोकांनी काय काय विचारलं होतं. हात भाजला का? नायटा आहे का? आमच्या पार्सलाला काही लागणार तर नाही ना? पण ही बाई कामात फार काटेकोर असली पाहिजे, असं समजणारा हा जगातला पहिलाच प्राणी.

"धूळ," ती कशीबशी म्हणाली. "धुळीचा त्रास होतो मला."

हे धडधडीत खोटं होतं. मोज्यांच्या आत चंदेरी पापुद्र्याचे लाल चट्टे होते. सोरायसिस. आधी कोपरांवर आला, मग हातांवर, मग नखांना टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडले. आणि मग काट्याचा नायटा व्हावा तसा तो कातडीवरून थेट सांध्यांत शिरला. सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटायची नाहीत. कधी एखादं बोट बुडापासून टोकापर्यंत टम्म सुजायचं. टाच जमिनीला टेकली की डोळ्यांत पाणी. ह्याला सोरायसिसचा संधिवात म्हणतात, तो कुणाला लागत नाही, कुणापासून येत नाही, हे तिने इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी मोजे घालणंच सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, तो रांगेत उभा! हातात एक खोकं. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि ह्याने छत्री स्वतःवर न धरता खोक्यावर धरली होती.

"माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "पण रांगेत पार्सलाशिवाय उभं राहता येत नाही, म्हणून पार्सलही आणलंय."

छकुलीने हसू दाबलं. खोकं काट्यावर ठेवलं. "एक किलो दोनशे चाळीस."

"आत बरोबर एक किलो. दोनशे चाळीस खोक्याचे."

"पत्ता?" तिने वाचला आणि भुवया वर केल्या. "हा तर... इथून तिसरी गल्ली. काटेवाल्याचं दुकान. म्हणजे तुम्हीच!"

"हो."

"स्वतःच पाठवताय, स्वतःलाच?"

"मला वेळेवर मिळतं," तो गंभीरपणे म्हणाला. "आणि... सुतळी नाही बांधलेली. गाठ तुमच्याकडूनच हवी."

मागून मावशीचा खोकल्याचा आवाज आला. मावशीला खोकला नव्हता.

मग दर मंगळवारी तेच. तेच खोकं, तेच एक किलो दोनशे चाळीस, तोच तीन गल्ल्यांचा प्रवास. छकुलीने त्याचं नाव काटेकोर ठेवलं आणि त्यानेही ते आनंदाने घेतलं. तो बोलायचा सावकाश, मोजून मापून. मध्येच अडखळला की पेनांना हात लावायचा. एकदा ती म्हणाली, "इतकं खरं खरं वागून कंटाळा नाही येत?" तर तो म्हणाला, "येतो ना. म्हणून तर मंगळवारी इथे येतो." आणि आपण काय बोलून बसलो ते कळल्यावर पावती न घेताच पळाला. पावती छकुलीने जपून ठेवली. कशाला, ते तिचं तिला ठाऊक.

"गाठ मारून घ्यायला किती खेपा घालतोय बघ," मावशी म्हणायची. "गाठ बांधायचं कधी सुचतंय त्याला?"

"काहीतरीच काय मावशी!"

पण घरी गेल्यावर छकुली पायरीवर टेकायची आणि तिचं हसू मावळायचं. काटेकोर माणूस. ग्रॅमग्रॅमाचा हिशेब ठेवणारा. त्याला काय दाखवणार होती ती? हात? का तो आकडा?

"अगं, संध्याकाळची जरा चालून ये," आई म्हणायची.

"टाच दुखते, आई."

"चालत नाहीस म्हणून वजन वाढतं, वजन वाढतं म्हणून टाच दुखते, टाच दुखते म्हणून चालत नाहीस! हे आंधळ्या कोशिंबिरीसारखं किती दिवस फिरायचं बाळा?"

आईचं खोटं नव्हतं. पण छकुलीची चिडही खोटी नव्हती. आजवर डॉक्टरकडे दाढ दुखते म्हणून गेली, तरी त्याने आधी वजन कमी करा म्हणून सांगितलेलं. तिच्या लेखी वजन ही औषधाची गोष्टच उरली नव्हती, बोलणी खायची गोष्ट झाली होती. म्हणून मोठ्या दवाखान्यातल्या सांध्यांच्या विभागातला काटा मोडला आणि त्यावर 'काटा बंद आहे' अशी चिठ्ठी लागली, त्या दिवशी तिला हायसं वाटलं होतं. दर आठ आठवड्यांनी सलाईनमधून औषध घ्यायला जायचं, सिस्टरने विचारायचं, "वजन किती?" आणि हिने शेवटचा खरा आकडा ठोकून द्यायचा, "एकोणऐंशी." डॉक्टर दर खेपेला नवा, कागद मात्र तोच. कागदावर अकरा महिने एकोणऐंशी. बोलणी नाहीत, काही नाहीत. फक्त औषध हळूहळू कमी पडायला लागलं होतं. आधीची दोन औषधं हरली होती. हे तिसरं. हेही हरलं तर सुतळी कोणत्या बोटांनी बांधायची आणि नोकरी कशी टिकवायची, ह्या विचाराने तिची झोप उडायची.

त्या गुरुवारी ती सलाईनसाठी गेली, दार ढकललं आणि जागच्या जागी थिजली.

फरशीवर गुडघे टेकून, पांढऱ्या मोज्यांनी पितळी वजनं उचलत, काटेकोर बसला होता.

"आला बाई आपला काटा ताळ्यावर!" सिस्टर टाळी वाजवत म्हणाली. "अकरा महिन्यांनी मुहूर्त लागला. या, तुम्हीच पहिल्या. चपला काढा आणि उभ्या राहा."

मेल्याने काटा दुरुस्त केला! साऱ्या गावात ह्याला दुसरं काम मिळालं नाही?

काटेकोरने वर पाहिलं. आधी तो खुशीने हसला. मग त्याने तिच्या हातातली फाईल पाहिली, विभागाची पाटी पाहिली, तिचे मोजे पाहिले... आणि धुळीचं खोटं त्याच्या डोळ्यांसमोर उलगडत गेलेलं छकुलीने बघितलं.

"एकोणऐंशी लिहा ना," ती सिस्टरला म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "दर वेळी लिहिता तसं."

"अहो पण आता काटा आहे ना!"

काटेकोर एकदम उभा राहिला. हातातलं वजन पेटीत ठेवायचं विसरला, तोंड अर्धवट उघडं. त्या चेहऱ्यावर काय होतं? हसू नव्हतं. धक्का होता. नुसता धक्का! छकुलीला वाटलं, झालं. मोजली ह्याने आपल्याला, डोळ्यांनीच मोजली.

"मला... मला काम आठवलं," ती म्हणाली आणि टाचेची कळ विसरून बाहेर पडली. औषध न घेता.

पुढच्या मंगळवारी तिने तो रांगेत दिसताच 'खिडकी बंद' ची पाटी उलटी केली. तो थोडा वेळ उभा राहिला, मग खोकं घेऊन परत गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारपर्यंत मात्र शरीराने तिचा सूड उगवला होता. उजव्या हाताची दोन बोटं फुगून मोज्याच्या शिवणी ताणल्या गेल्या होत्या. सकाळी आईने वेणी घातली, बटणं लावली, आणि काही बोलली नाही. आई बोलत नाही तेव्हा फार वाईट असतं.

दुपारी एक म्हातारेबुवा नातवाला पुस्तकं पाठवत होते. छकुलीने सुतळी फिरवली, आवळायला गेली आणि बोटांतून अशी कळ गेली की सुतळी सुटली. पुन्हा घेतली. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा पार्सलच खाली पडलं, पुस्तकं विखुरली. आयुष्यात पहिल्यांदा छकुलीला गाठ मारता आली नाही. ती तशीच बघत राहिली, त्या हातांकडे, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

पुस्तकं उचलायला वाकलेला माणूस उठला, तो काटेकोर होता.

"मागे जा दोघंही," मावशी म्हणाली आणि तिची खुर्ची स्वतःकडे ओढली. "खिडकी मी बघते. जा म्हणते ना!"

मागच्या खोलीत पोती होती, आणि तपासणीनंतर आत हलवलेला तो मोठा काटा. छकुली एका पोत्यावर बसली. तो उभाच राहिला.

"औषध घेतलंत?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?" ती उसळली. "तुम्ही आलात आणि सगळं... चांगला बंद होता तो काटा! कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?"

"एकोणऐंशी खोटं आहे ना?"

इतक्या हळू आवाजात विचारलं त्याने, की थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. छकुलीने विचारलं, "तुम्हाला... कधी कळलं?"

"काटेवाला आहे मी. माणूस दारातून आत आला की फरशी सांगते मला. तुमचं खरं वजन मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला काही वाटलं नव्हतं, वजन म्हणजे वजन. पण त्या गुरुवारी तुम्ही गेल्यावर मी सिस्टरना सहज विचारलं, वजनाचं एवढं काय अडलंय इथे? तर त्या म्हणाल्या..." तो थांबला. पेनांना हात लावला. "हे सलाईनचं औषध किलोवर मोजून देतात. जितके किलो, त्या हिशेबाने डोस."

छकुलीला आधी नीट कळलंच नाही.

मग कळलं.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तशी ती सरकली. किलोवर! म्हणजे गेले अकरा महिने तिला एकोणऐंशी किलोच्या बाईचं औषध मिळत होतं. आणि ती एकोणऐंशी किलोची बाई ह्या जगात नव्हतीच. औषध कमी पडतंय, हरतंय, म्हणून ती रडायची, आणि माप तिनेच कमी घातलं होतं. अंगावर काटा आला, आणि ह्या वेळी तो जाईचना.

"मला वाटायचं, नुसतं बोलायला लिहितात," ती पुटपुटली. "मला कुणी... मी कुणाला विचारलंच नाही."

"मी मापात पाप करणारे दुकानदार पकडतो," तो म्हणाला. "शंभरातले पाच ग्रॅम कमी दिले तरी पकडतो. पण स्वतःलाच मापात मारणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. दोन दिवस घास उतरला नाही माझा. गेल्या मंगळवारी हेच सांगायला आलो होतो, तर पाटी उलटी."

"तुमचा चेहरा बघितला मी त्या दिवशी. मला वाटलं, तुम्हाला किळस आली."

"किळस?" तो चकित होऊन म्हणाला. "मी... मला वाटलं होतं तुम्हाला खरंच धुळीचा त्रास आहे! मी तुमच्यासाठी दुकानात दोनदा झाडू मारायचो, न जाणो कधी आलात तर..."

छकुलीला रडू आणि हसू एकदमच आलं. दोघांचं भांडण होऊन शेवटी रडूच जिंकलं. त्याने रुमाल पुढे केला, तोही चार घड्यांचा, कडेला कड जुळलेला.

मग ती उठली. चपला काढल्या.

"पाठ करा," ती म्हणाली.

"काय?"

"पाठ करा म्हटलं. मी काट्यावर उभी राहतेय. हा तरी खरं बोलतो ना?"

"शिक्का माझा आहे त्याच्यावर," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून शाळेतल्या मुलासारखा ताठ उभा राहिला.

छकुलीने डोळे मिटून पाऊल टाकलं. मग दुसरं. मग डोळे उघडले. आकडा थरथरत वर गेला, थोडा मागे आला आणि थांबला. तिच्या तोंडून "आई गं!" एवढंच निघालं. तो वळला नाही. एवढासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली. तो बरोबर आला, पण तिने त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. छकुलीने खुर्चीत बसायच्याआधीच सगळं सांगून टाकलं, जीभ रेटत, वाक्यं अर्धी सोडत. सांगून झाल्यावर बोलणी खायला मान खाली घातली.

बोलणी आलीच नाहीत. वर पाहिलं तर डॉक्टरीणबाईंचाच चेहरा उतरलेला. त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलून तिच्यासमोर धरला. "हे बघा. मी आज तुमचं हे औषध बंद करायचं पत्र लिहिलं होतं. 'औषध लागू पडत नाही.' सही तेवढी राहिली होती."

छकुलीने सहीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून पाहिलं.

"चूक तुमची एकटीची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अकरा महिने काटा बंद ठेवला ती आमची चूक. आणि वजनावरून तुम्हाला एवढं बोललं गेलं की खरं सांगायची भीती वाटली, तीही आमचीच. आता ऐका. डोस खऱ्या वजनाप्रमाणे देऊ. पण तेवढ्याने सगळं भागेलच असं नाही. चरबी ही नुसतं ओझं नसते. ती अंगातली सूज आतून धुमसत ठेवते, त्यामुळे सांधे जास्त दुखतात आणि औषधाचाही जोर कमी पडतो. थोडं उतरलं, अगदी दहा किलोच्या आत, तरी फरक जाणवू शकतो. आणि कारण तुम्ही आळशी आहात हे नाही. दुखतं म्हणून हालचाल बंद होते, ती मी पण बंद केली असती. पाण्यातला व्यायाम लिहून देते, तिथे टाचेवर भार येत नाही."

"आणि नाही उतरलं तर?"

"तरी तुम्ही इथे यायचं. आणि खरा आकडा सांगायचा."

डॉक्टरीणबाईंनी ते पत्र फाडलं. चार तुकडे झाले.

दीड-दोन तासांनी सलाईन संपल्यावर छकुली बाहेर आली. काटेकोर बाकावर तसाच, मांडीवर ते ओळखीचं खोकं. तिला बघून उठला, तर खोकं पडता पडता राहिलं. बाकावर चारपाच माणसं होती. छकुली त्याच्यासमोर उभी राहिली. श्वास घेतला.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली. मोठ्यांदा.

शेजारच्या बाईने वर पाहिलं. काटेकोर गंभीर झाला. विचार केला. "चौऱ्याण्णव... पूर्णांक?"

"अहो!"

"नाही, विचारलं आपलं..."

"पूर्णांक चार! चौऱ्याण्णव पूर्णांक चार! झालं समाधान?"

"झालं," तो म्हणाला आणि इतकं छान हसला की छकुलीला पुढचं वाक्यच आठवेना. मग त्याने खोकं उघडलं. इतके मंगळवार तीन गल्ल्या फिरलेलं ते एक किलो तिने पहिल्यांदा पाहिलं. निळ्या मखमलीत बसलेलं पितळी वजन, सोन्यासारखं लखलखीत, कुठे डाग नाही, ओरखडा नाही.

"माझ्या दुकानातलं सगळ्यात खरं वजन," तो म्हणाला. "बाकी सगळी मी ह्याच्याशी ताडून बघतो. घ्या."

"थांबा, मोजे घट्ट झालेत, पण..."

"मोजे काढून घ्या."

छकुली दचकली. "उघड्या हाताने? तुम्ही वेडे आहात का? बिघडेल ना ते!"

"बिघडू दे."

"माझे हात... तुम्ही बघितले नाहीयेत."

"मग बघू दे."

तिने मोजा काढला. एकेका बोटावरून, सावकाश, सुजेला सांभाळत. लाल चट्टे, पांढरे पापुद्रे, खड्डे पडलेली नखं, भर उजेडात. ती त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती, आता तरी काहीतरी हलेल म्हणून. काटेकोरने आधी स्वतःचे मोजे काढले. मग उघड्या हाताने वजन उचललं, तिच्या तळव्यावर ठेवलं आणि त्या तळव्याला खालून आपल्या हाताचा आधार दिला, दुखणाऱ्या बोटांवर भार येणार नाही असा.

वजन गार होतं. त्याचा हात ऊन होता.

"झालं," तो म्हणाला. "तुमचे ठसे उमटले, माझे उमटले. हे वजन आता कामातून गेलं."

"मी सांगत होते..."

"मी तर कधीचाच कामातून गेलोय," काटेकोर म्हणाला. मोजून मापून नाही, एका दमात. "त्या पहिल्या मंगळवारपासून. छकुली, मी... तुम्ही... म्हणजे, दर मंगळवारी नको. रोज चालेल का?"

छकुलीला छकुली म्हणून त्याने हाक मारली होती. तिला वाटलं, पहिल्यांदाच हे नाव आपल्याला नेमकं बसलंय.

"नाव कुणी सांगितलं?"

"मावशींनी. पाच वेळा."

"मावशींना आता सहाव्यांदा काय सांगायचं ते मी बघते," ती म्हणाली आणि हात काही काढून घेतला नाही. शेजारच्या बाईने उगाचच पदर डोळ्यांना लावला.

ते वजन आता तीन नंबरच्या खिडकीवर असतं. पावत्या उडू नयेत म्हणून. छकुली आठवड्यातून तीनदा पाण्यात उतरते, कुरकुरत का होईना. कधी आकडा खाली येतो, कधी अडून बसतो, पण खरा लिहिला जातो. सुतळीची गाठ ती पुन्हा मारते, वाईट दिवशी मावशी टोक धरते. मोजे खणात पडून आहेत. आणि पितळेवर बोटांचे डाग आता ठळक दिसायला लागलेत. रांगेतलं एखादं चौकस माणूस ते हातात घेऊन विचारतं, "मॅडम, हे बरोबर एक किलो आहे ना?"

छकुली मान हलवते.

"नाही हो. थोडं जास्त आहे."